गुळाची कोरी कॉफी

अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसाचा पहिला आवाज आजीचा असे, आणि आजी तर वसईला होती. ओमानमध्ये व्हॉट्सॲपवरून फोन लागत नसे. बोलणं रेकॉर्ड करून मात्र पाठवता येई. म्हणून माझी आजी, म्हणजे आईची आई, रोज सकाळी मोनूमामाच्या फोनमध्ये दोन-चार मिनिटं बोलून ठेवायची आणि आई इकडे चहाचं आधण ठेवून ते ऐकायची. सुरुवात नेहमी एकच: "मी बोलते हां." जणू दुसरं कोणी बोलण्याची शक्यता होती. मागे कोंबड्या, विहिरीवरच्या पंपाची घरघर, मामीचं कोणावर तरी ओरडणं, आणि मधूनमधून आजी: शेवग्याला फुलोरा आलाय, पायाची सूज उतरलीय, फादरांनी कालचा उपदेश फार लांबवला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून आई ओट्याशी उभी राहायची आणि ऐकता ऐकता उत्तरं द्यायची, जी अर्थातच कोणाला ऐकू जात नसत. "अगं, मग गरम पाण्याने शेक ना," असं ती डब्याला सांगायची. नंतर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायची वेळ आली की तिला काही सुचत नसे. "आम्ही बरे आहोत. मार्था अभ्यास करते. इकडे थंडी नाही." एवढंच.

आईला जाऊन सात महिने झाले. हे मी रोज थोडं थोडं लिहिते, कधी चारच ओळी. शाळेतली नोकरी आटपून येते, पडदे ओढते, वही उघडते. मराठीत लिहिते, कारण मराठी मला तिने दिली. आम्ही मस्कतमध्ये वाढलेली मुलं एकमेकांशी इंग्रजीच बोलायचो, घरी अडखळत मराठी. पण आईने मला प्रार्थनेच्या पुस्तकावर बोट ठेवून अक्षरं शिकवली होती, आणि सुट्टीत वसईहून येताना तिच्या बॅगेत सुक्या बोंबलांच्या पिशवीखाली माझ्यासाठी दोन-तीन पुस्तकं असत. त्या पुस्तकांना बोंबलांचा वास यायचा. आजही मराठी पुस्तक उघडलं की मी आधी वास घेते. आता नुसता कागदाचा येतो.

पप्पा एका तेलकंपनीला नकाशे काढून देणाऱ्या फर्ममध्ये ड्राफ्ट्समन होते. माणूस सज्जन, हळू बोलणारा, कोणाच्याही मदतीला धावणारा. पण त्यांची एक सवय होती. वाईट बातमी आधी आपण एकट्याने चावून मऊ करायची आणि मगच घरात आणायची. पगार कमी झाला ते आम्हाला चार महिन्यांनी कळलं. जुन्या घरमालकाने घर सोडायला सांगितलं ते कळलं तेव्हा नव्या घराची किल्ली पप्पांच्या खिशात होती. आई रागवायची, मग म्हणायची, "काय करणार, तुझ्या पप्पांना आम्ही दोघी काचेच्या वाटतो." त्यात थोडं कौतुकही असे. आम्ही ती सवय माया म्हणून धरून चाललो होतो, आणि ती माया नव्हती असं मी आजही म्हणत नाही.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा पप्पांच्या फर्ममध्ये एर्नान नावाचे नवे मॅनेजर आले, कोलंबियाचे. त्यांची बायको ग्लोरिया बौशरच्या एका मोठ्या व्हिलात दिवसभर एकटी असायची. ऑफिसच्या एका जेवणात आई आणि ती शेजारी बसल्या. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे दोघींना एकमेकींचं सगळं समजत होतं. ग्लोरिया म्हणाली, इथे सगळं मिळतं, फक्त आमची पनेला मिळत नाही. पनेला म्हणजे काय हे ती हातांनी दाखवायला लागली: ऊस, रस, मोठी कढई, तपकिरी ढेप. आई म्हणाली, "उद्या घरी ये." दुसऱ्या दिवशी आईने तिच्यापुढे कोल्हापुरी गुळाचा डबा उघडला. ग्लोरियाने एक खडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मी कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचं पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, हिच्या दातात कण अडकला.

तेव्हापासून ती दर मंगळवारी यायची. आई तिला फुगे करायला शिकवायची, आमच्याकडचे ते गोल, पोकळ, तळलेले पाव. आणि ती आईला आपल्याकडची पेयं. एक होतं गूळपाण्यात लिंबू पिळून बर्फ घातलेलं. आई म्हणाली, "हे तर आमचंच सरबत," आणि ग्लोरिया म्हणाली, "नाही, आमचंच," आणि दोघी हसल्या. दुसरं मासातो, तांदूळ शिजवून, वाटून, दालचिनी-लवंग-साखर घालून दोन दिवस आंबू द्यायचं, मग गार करून प्यायचं. ग्लोरियाच्या आईच्या घरी ते नाताळला मडकंभर करत. आमचं मडकं म्हणजे हमीदाभाभींचं मोठं पातेलं. हमीदाभाभी खालच्या मजल्यावर राहायच्या, दापोलीकडच्या. मासातोचा वास घेऊन त्या म्हणाल्या, "उर्सुला, यात काय दारूबिरू नाय ना गो?" आईने सांगितलं, दोन दिवसांत कसली दारू, आंबोळीच्या पिठाला चढते का कोणाला? "मग ठीक हाय," भाभी म्हणाल्या, "पण माझ्या घोवाला सांगू नको, तो उगाच दुसरा ग्लास मागंल."

नाताळ त्या वर्षी शुक्रवारी आला होता, म्हणजे इकडच्या रविवारीच, सगळ्यांना सुट्टी. पप्पांनी दुपारचं जेवण ठरवलं. एर्नानसाहेब आणि ग्लोरिया, हमीदाभाभी, आणि आपल्यातले म्हणजे रेमूकाका, सिंताकाकी आणि रेमूकाकांची आई फिलूआजी, जी तीन महिन्यांच्या व्हिजावर आली होती आणि "इकडे झाडं कुठायत?" एवढा एकच प्रश्न रोज विचारायची. पप्पांचं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपत होतं, हे मला माहीत होतं. ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे एर्नानसाहेबांच्या सहीवर होतं, हेही. पण जेवणामागे तेवढंच होतं असं नव्हतं. आई त्या दिवसांत गाणं म्हणत काम करायची. तिला इतक्या वर्षांत या शहरात स्वतःची अशी मैत्रीण पहिल्यांदा मिळाली होती.

चोवीस तारखेला सकाळी आजीचा आवाज आला नाही. आई अंघोळीला गेली असताना पप्पा स्वयंपाकघरात आले, तिचा फोन उचलला आणि मला म्हणाले, "याची स्क्रीन मध्येच काळी होते म्हणत होती ना ती? दुकानात देतो." स्क्रीन मध्येच काळी होत होती, हे खरं होतं. पण ती सहा महिने होत होती. आई बाहेर आली तेव्हा पप्पा गेले होते. ती चिडली. "आजच सुचलं यांना! आईला नाताळचं बोलायचं होतं मला." मी म्हटलं, पप्पांच्या फोनवरून बोल. पप्पा दुपारी आले तेव्हा तिने त्यांचा फोन मागितला. ते म्हणाले, "मोनू म्हणाला, गावात लाईट गेलीय, त्याचा फोन बंद पडेल. नाताळ झाला की बोल." आणि मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला तेव्हा प्रेमळ वाटली. ओट्यावर बसून त्यांनी आईला करंज्या कातून दिल्या, जवळजवळ शंभर, एकही न मोडता, खाली मान घालून.

शुक्रवारी घालाच्या चर्चमध्ये मिस्सा ऐकून आम्ही परतलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. खालच्या मशिदीत जुम्म्याची गर्दी व्हायला लागली होती, गाड्या फुटपाथवर चढल्या होत्या. आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवला होता, रेमूकाकांनी आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, एसीच्या वाऱ्याने नाताळच्या गोठ्यावरचा कापूस सारखा उडत होता आणि फिलूआजी तो सारखा परत बसवत होती. हमीदाभाभी येणार म्हणून आईने सगळं कोंबडीचं आणि मटणाचं केलं होतं. एर्नानसाहेब सूट घालून आले, ग्लोरिया लाल झग्यात, हातात संत्र्यांची पिशवी. पप्पांनी दारातच त्यांना माझ्याबद्दल सांगितलं, "माय डॉटर, ऑलवेज रीडिंग," आणि साहेब माझ्याशी वाकून हात मिळवत म्हणाले, "मग आपण दोघं कोपऱ्यात बसू."

आधी गूळ-लिंबाचं पाणी फिरलं. सिंताकाकी म्हणाली, "ह्यासाठी कोलंबियाला जायची काय गरज, आमच्या वाडीत या." मग जेवणाबरोबर मासातो. फिलूआजीने एक घोट घेतला, ग्लास उजेडाकडे धरला आणि जाहीर केलं, "पेज आहे. पण शिकलेली पेज आहे." यावर सगळे इतके हसले की ते साहेबांना इंग्रजीत सांगावं लागलं, आणि ते काम माझ्याकडे आलं. त्या दिवशी मी बरंच भाषांतर केलं. साहेबांनी फिलूआजीला विचारलं, तुमच्याकडे नाताळला काय पितात? आजी म्हणाली, "पुरुष काय पितात ते सगळ्या जगात सारखंच. बायका काय पितात? पुरुषांपायी आलेले उसासे." मी हेही सांगितलं, थोडं मऊ करून. पप्पा हसत होते. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा ते हसत होते, एवढं मला नक्की आठवतं. मी ते पुन्हा पुन्हा आठवून बघितलं आहे.

जेवणं झाल्यावर ग्लोरिया मला खुणेने स्वयंपाकघरात घेऊन गेली. आईला सरप्राइज द्यायचं होतं. तिने पातेल्यात पाणी ठेवलं, गुळाचा मोठा खडा टाकला, दालचिनीचा तुकडा, संत्र्याची साल, आणि पाणी तपकिरी झाल्यावर तिच्या पर्समधून काढलेली कॉफी. दूध नाही. उकळी आली तसा सगळ्या घरात वास गेला. हे शेतकऱ्यांचं आहे, ती म्हणाली, पहाटे माझे आजोबा प्यायचे. तिने लहान कप मागितले. मी आईचे चांगले पांढरे कप काढले. ट्रे छोटा होता. बशा ठेवल्या असत्या तर चारच कप मावले असते, म्हणून मी बशा कपाटातच राहू दिल्या. पप्पांनी जेवणाआधी त्यांचा फोन माझ्याकडून बेडरूममध्ये चार्जिंगला लावून घेतला होता आणि ट्रे उचलण्याच्या जरा आधीच मला तो आणायला सांगितलं होतं. तो मी काखेत धरला, ट्रे दोन्ही हातांत घेतला आणि बाहेर आले. वयाने मोठ्या माणसाला आधी द्यायचं हे मला शिकवलं होतं, म्हणून सरळ फिलूआजीसमोर जाऊन वाकले.

आता मला जे माहीत आहे ते तेव्हा माहीत नव्हतं, कारण मी मस्कतमध्ये वाढले होते आणि वसईच्या एकाही मयताला गेले नव्हते. आमच्याकडे माणसाला माती देऊन लोक कबरस्तानातून परत आले की त्या घरी चूल पेटलेली नसते. शेजारचे लोक मोठ्या भांड्यातून कॉफी आणतात. कोरी, गुळाची. आणि ती बशीशिवाय देतात. बशी म्हणजे पाहुणचार. मयताच्या घरी पाहुणचार नसतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही. तिथल्या प्रत्येक मुलाला ते आपोआप माहीत असतं, जसं मला लिफ्टमध्ये "सलाम अलैकुम" म्हणायचं माहीत होतं.

फिलूआजीने ट्रेमध्ये बघितलं. मग कप न घेता माझ्या तोंडाकडे बघितलं. अगदी हळू आवाजात, जशी माणसं मिस्सेत बोलतात, तिने विचारलं, "कोण गेलं गं, बाय?"

"अगं, काय पण तू!" सिंताकाकी पुढे झाली. "कोलंबियाची कॉफी आहे ती. ग्लोरियाने केलीय." रेमूकाका हसले, "म्हातारीला सगळीकडे मयतच दिसतं." आईसुद्धा हसली, पण तिने ट्रेकडे बघून पदराचं टोक हातात धरलं, आणि माझ्याकडे लटक्या रागाने बघून म्हणाली, "अगं, बशा तरी ठेवायच्या!" सगळं इथेच मिटलं असतं. ग्लोरिया स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाट बघत होती की कोणीतरी पहिला घोट घेईल.

तेवढ्यात पप्पा खुर्चीवरून उठले. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या काखेतल्या फोनकडे.

"तुला कोणी सांगितलं?" ते म्हणाले.

मला काही समजलं नाही. मी ट्रे धरून तशीच वाकलेली होते. "काय?" मी म्हटलं.

"वाचलंस तू? मोनूचं?"

मग कोणीच हसत नव्हतं. आई उठली नाही. बसल्या जागेवरून, साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं तिने विचारलं, "मोनूचं काय?"

पप्पांनी खुर्चीची पाठ धरली.

"आई का?"

"आई," पप्पा म्हणाले.

"कधी?"

"काल. पहाटे. झोपेतच."

आईने मान हलवली, जणू हे तिला बरोबर वाटलं. मी इतकी घाबरले होते की मला वाटत होतं, हा ट्रे मी खाली ठेवला तर ते खरं होईल. फिलूआजीने तो माझ्या हातून काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. आईचा पुढचा प्रश्न एकच शब्दाचा होता. "माती?"

"उद्या दुपारी," पप्पा म्हणाले. "आज नाताळ, आज देत नाहीत. मी मोनूला म्हटलं होतं कालच देऊन टाका, थांबू नका. तो ऐकेना. उर्सुलाला तोंड दाखवल्याशिवाय मी देणार नाही म्हणाला. बर्फाच्या पेटीत..."

हमीदाभाभी केव्हाच उठल्या होत्या. त्यांचे यजमान रुवीला एका ट्रॅव्हल एजन्सीत होते. त्या दारात उभ्या राहून फोनवर बोलत होत्या, "आजची रात्रीची बघा, मुंबईची, एक सीट, काय पण करा." आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होतो. त्या म्हणाल्या, "कोची? नको, कोची कशाला." म्हणाल्या, "अच्छा. दुबईवरनं पन नाय?" मग वळल्या आणि आईजवळ येऊन खाली सतरंजीवर बसल्या. "उद्या दुपारी हाय, उर्सुला. त्याआधी सगळं फुल. नाताळ, न्यू इयर... लोक वेटिंगवर हायत."

उद्या दुपारी विमान, म्हणजे वसईला पोहोचायला संध्याकाळ. हा हिशेब खोलीतल्या प्रत्येकाने मनात केला.

"कालचीच बघायला पाहिजे होती," रेमूकाका म्हणाले. ते कोणाला दोष देत नव्हते, नुसतं बोलून गेले.

"काल होती," पप्पा म्हणाले. "संध्याकाळची. दोन होत्या. मी बघितलं होतं."

मी पुष्कळ पुस्तकं वाचली होती आणि त्यांत धक्का बसलेल्या माणसांची पुष्कळ वर्णनं होती. त्यांतलं काही झालं नाही. कोणी किंचाळलं नाही, काही फुटलं नाही. माझ्या कानात फक्त ते "दोन होत्या" राहिलं. म्हणजे मीसुद्धा. म्हणजे काल दुपारी ओट्यावर बसून करंज्या कातताना त्यांना माहीत होतं की आत्ता निघालो तर दोघी पोहोचतात. मी पप्पांकडे बघत होते आणि मला ते ओळखू येत होते, पूर्ण ओळखू येत होते, तेच पप्पा. हेच भयंकर होतं.

ग्लोरिया दारातून पुढे आली. तिला फक्त एवढं दिसलं होतं की तिची कॉफी बघून सगळ्यांचे चेहरे उतरले. "कडू आहे का?" तिने मला विचारलं. मला सांगावं लागलं. मी इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे हे पुरून परत आल्यावर पितात, आणि माझी आजी काल वारली आहे, आणि आईला आत्ता कळलं. ही वाक्यं मी व्याकरणशुद्ध बोलले, शाळेत धडा वाचावा तशी. ग्लोरियाने दोन्ही हात तोंडावर नेले. मग ते खाली घेऊन म्हणाली, "आमच्याकडेही देतात. मेल्यावर देतात. लग्नातही. रोज सकाळीही." ती आईजवळ गेली, पण आईला हात लावण्याचं धाडस तिला झालं नाही. एर्नानसाहेब उभे होते, सूटचं बटण लावत आणि काढत. ते पप्पांना हळू आवाजात म्हणाले, "सान्तान, काल मला एक फोन केला असतास तर मी स्वतः तुम्हाला विमानतळावर सोडलं असतं. हे जेवण तुझ्याकडे मागितलं कोणी?"

आई उठली. फिलूआजीच्या मांडीवरच्या ट्रेमधून तिने एक कप घेतला आणि उभ्यानेच, न थांबता, पूर्ण प्याली. गरम होता, तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने असेल. मग तिने दुसरा कप उचलून ग्लोरियाच्या हातात दिला, तिसरा भाभींच्या, चौथा सिंताकाकीच्या. सगळ्यांनी घेतली. पप्पांच्या हातात तिने दिली नाही आणि ट्रेमध्ये त्यांचा कप शेवटपर्यंत तसाच राहिला. फिलूआजी तिच्या गावच्या हेलात मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागली आणि त्यातच बाहेर तिसऱ्या प्रहराची नमाज सुटल्याचा, गाड्यांचे हॉर्न एकदम वाजल्याचा आवाज आला.

लोक गेल्यावर आई आत जाऊन बॅग भरायला लागली. पप्पा स्वयंपाकघरात कप धूत होते. इतक्या वर्षांत त्यांनी कधी कप धुतला नव्हता. एकेक कप ते फार वेळ धरत होते. मी दारात उभी राहिले. "का?" मी विचारलं. माझं मराठी तेवढंच पुरलं.

"साहेब येणार होते," ते म्हणाले. नळ वाहत होता. मग त्यांनी नळ बंद केला. "नाही. ते खोटं आहे, बेटा. ती ऐकेल तेव्हाचा तिचा चेहरा मला बघायचा नव्हता. आज नको, एवढंच वाटायचं. काल सकाळी वाटलं दुपारी सांगू. दुपारी वाटलं रात्री. विमान गेलं तेव्हा मला बरं वाटलं. आता सांगून उपयोग नाही, असं वाटलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "बरं वाटलं मला," ते पुन्हा म्हणाले, जणू ते त्यांना स्वतःलाच पहिल्यांदा ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी हमीदाभाभींचे यजमान आईला विमानतळावर सोडायला गेले. मोनूमामाने दुपारचे दोन वाजेपर्यंत वाट बघितली. त्यापुढे शक्य नव्हतं, दोन दिवस होऊन गेले होते. आई पोहोचली तेव्हा दिवस मावळत होता आणि माती ओली होती. हे मला मामीने सांगितलं, आईने नाही. आई बारा दिवसांनी परत आली. पप्पा दारात उभे होते. बॅग घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. तिने बॅग दिली आणि म्हणाली, "चांगली बातमी उशिरा दिलीत तरी चालेल." त्यानंतर त्या विषयावर ती माझ्या देखत कधीही बोलली नाही. टोमणा नाही, अबोला नाही. पप्पांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहिलं. ग्लोरिया मंगळवारी येत राहिली, त्यांची बदली होईपर्यंत. सकाळी चहाचं आधण मात्र पप्पा ठेवायला लागले, आणि आई तेवढा वेळ बाल्कनीत उभी राहायची.

क्षमा म्हणजे काय याबद्दल मी नंतर बरंच वाचलं. त्या घरात झालं ती क्षमा होती, की दोन माणसांनी एका जड वस्तूच्या दोन बाजू धरून ती आयुष्यभर वाहिली, हे मला सांगता येत नाही. ते दोघं पुढे वसईला परत गेले, वाडीत घर बांधलं, एकत्र म्हातारे झाले. मी मस्कतलाच राहिले. बौशरला एका शाळेत ग्रंथपाल आहे. पप्पा आता कमी ऐकतात. मी त्यांच्यावर किती वर्षं रागावलेली होते ते त्यांना माहीत आहे का, कोण जाणे.

सात महिन्यांपूर्वी, सकाळी, मी चौथीच्या मुलांना पुस्तकं वाटत होते. फोन वाजला. मामाचा नव्हता, मामीचा नव्हता, पप्पांचा होता. मी तो घेऊन दोन कपाटांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"मार्था," पप्पा म्हणाले, "आई गेली. आत्ता. पाच मिनिटं झाली असतील. मी अजून मोनूला सांगितलेलं नाही, शेजारी कोणाला सांगितलेलं नाही. पहिलं तुला सांगतोय."

मुलं रांगेत उभी होती आणि एकमेकांना ढकलत होती. मला आईबद्दल विचारायचं होतं, त्रास झाला का, काही बोलली का. पण तोंडातून आईचाच प्रश्न बाहेर पडला. "माती कधी?"

पलीकडे पप्पांचा श्वास ऐकू येत होता. ते एकटेच होते तिच्याजवळ, त्या खोलीत.

"तू सांगशील तेव्हा," ते म्हणाले.